परिचारिका व्हायचे आहे? आधी हे पाहा
(तरुण संघ व शब्बाथशाळेच्या वरच्या वर्गांसाठी अभ्यासपाठ)

बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळ्यांमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. उपासना संपलेली असते, माणसे दाराशी हस्तांदोलन करीत बाहेर पडत असतात, आणि एखादे वडील पाळकसाहेबांना बाजूला घेऊन विचारतात, "साहेब, मुलीला नर्सिंगला घालावे म्हणतो. कुठे घालू?" प्रश्न रास्त आहे. पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मुलीला विचारायचा असतो आणि तो बहुधा राहूनच जातो. मावशी सिस्टर होती, आत्या आखातात आहे, शेजारच्या मुलीला लगेच नोकरी लागली, एवढ्यावर घरात निर्णय होतो. मग दीड-दोन वर्षांनी ती मुलगी हॉस्टेलमधून रडत फोन करते, तेव्हा भरलेली फी परत मिळत नसते आणि वर्षेही परत मिळत नाहीत.

हा पाठ शिक्षकांनी दोन बैठकांत घ्यावा. मुलांबरोबर आईवडिलांनाही बोलावता आले तर फार बरे, कारण यातील अर्ध्या गोष्टी त्यांनीच करायच्या आहेत. आणि मुले म्हटले ते मुद्दाम. जीएनएम व बी.एस्सी. नर्सिंग हे दोन्ही अभ्यासक्रम मुलांनाही खुले आहेत. "ब्रदर" ही हाक आपल्याकडे नवी नाही.

आपल्या समाजाचा या कामाशी जुना संबंध आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांच्या मिशन रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले होते. वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ साली परिचारिकांची शाळा काढली. १९४६ साली नर्सिंगची पदवी भारतात प्रथम सुरू झाली ती वेल्लोर व दिल्ली या दोनच ठिकाणी. त्या काळी चांगल्या घरच्या मुलीने परक्या माणसाची शुश्रूषा करावी, रात्रपाळी करावी, हे समाजाला पटत नव्हते. पुष्कळ वर्षे या शाळांच्या बाकांवर ख्रिस्ती घरांतल्या मुली, विधवा आणि परित्यक्ता यांचीच संख्या मोठी होती. सरकारी नोंदणी सर्वत्र येण्याआधी मिशन रुग्णालयांनी आपापसांत परीक्षा मंडळे नेमून सर्वांसाठी एकच परीक्षा ठेवली, म्हणजे मिरजेची परिचारिका आणि दुसऱ्या मिशनची परिचारिका सारख्याच कसोटीला उतरत. शिक्षण कुठे झाले यापेक्षा कसोटी कोणती दिली हे महत्त्वाचे, हा विचार तेव्हापासूनचा आहे. आज पालक नेमके हेच विसरतात, आणि या पाठाचा बराचसा भाग त्याविषयीच आहे.

कामाचे स्वरूप

वॉर्डातले काम बाहेरून दिसते तसे नसते. टोपी, पांढरा गणवेश आणि थर्मामीटर हे चित्रातले झाले. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी विद्यार्थिनीला रुग्णाचा बिछाना बदलणे, अंग पुसणे, भांडे देणे, तोंड धुणे, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून ठराविक वेळाने कूस बदलणे ही कामे शिकावी लागतात. पुढे इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, ऑपरेशन थिएटर, बाळंतपणे. मृत्यूही पाहावा लागतो, आणि त्यानंतर त्या देहाची नीट व्यवस्था करून, बाहेर आलेल्या नातलगांशी बोलून, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला वेळेवर औषध द्यावे लागते. रात्रपाळी तर जन्माची सोबतीण.

हे सर्व मुलीला घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. रक्त पाहून पहिल्यांदा घेरी आली म्हणून कोणी नापास ठरत नाही. अनेक उत्तम सिस्टरांना पहिल्या वर्षी घेरी आलेली आहे. चिंता करावी ती निराळ्याच गोष्टींची. जी मुलगी चूक झाली की लपवते, जिला आकडेमोडीत हलगर्जीपणाची सवय आहे, किंवा जिला आजारी माणसाची कटकट मुळीच सोसत नाही, तिने दुसरा चांगला मार्ग शोधावा. औषधाची मात्रा काढताना दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते, आणि अशा वेळी चूक लगेच सांगणारी परिचारिकाच रुग्णाचे प्राण वाचवू शकते.

शिक्षकांनी शक्य असेल तर वर्गातील इच्छुक मुलामुलींना मंडळीतील एखाद्या निवृत्त सिस्टरबाईंकडे घेऊन जावे. तासभर नुसते ऐकायचे. छापील माहितीपत्रकाने होणार नाही एवढे काम त्या एका तासात होते.

अभ्यासक्रम कोणते

येथे फार घोटाळा होतो, म्हणून सावकाश वाचावे.

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो मुलींसाठीच आहे आणि बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी चालते. या शिक्षणाचा रोख गावपातळीवरील आरोग्यसेवेवर असतो: गरोदर स्त्रियांची तपासणी, लसीकरण, उपकेंद्राचे काम. जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असून शेवटचे सहा महिने इंटर्नशिप असते. पूर्वी तो साडेतीन वर्षांचा होता, त्यामुळे जुन्या सिस्टर वेगळा काळ सांगतील. दोघींचेही बरोबर असते. बारावीत ४० टक्के गुण आणि इंग्रजी विषय असावा लागतो. विज्ञान शाखा असणे इष्ट, पण कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही दार बंद नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी आहे. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन बारावी झालेली हवी आणि सर्वसाधारण गटाला त्या विषयांत मिळून ४५ टक्के लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण असावीत. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, आणि त्यानंतर दोन वर्षांची एम.एस्सी.

पदवी श्रेष्ठ आणि जीएनएम कमी, असे मानणाऱ्यांशी माझा वाद आहे. वॉर्डात खाटेशेजारी उभी राहणारी जीएनएम सिस्टर आणि पदवीधर सिस्टर यांची नोंदणी एकाच प्रकारची होते. दोघीही नोंदणीकृत परिचारिका व नोंदणीकृत दाई म्हणून नोंदवल्या जातात. पुढे शिकवण्याचे काम किंवा वरच्या जागा हव्या असतील तर पदवी लागते, हे खरे. परंतु चार वर्षांचा खर्च झेपत नसताना कर्ज काढून संशयास्पद महाविद्यालयात पदवीला घालण्यापेक्षा, शंभर-दोनशे खाटांच्या गजबजलेल्या रुग्णालयाच्या जुन्या शाळेत जीएनएम केलेले शतपटीने बरे.

याखेरीज बाजारात आणखी एक जिन्नस विकला जातो. "नर्सिंग असिस्टंट", "होम नर्सिंग", "बेडसाइड", "पेशंट केअर" अशा नावांचे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे कोर्स. रुग्णसेवकाचे काम शिकण्यास त्यांतले काही उपयोगी असतीलही, आणि ते कामही मानाचे आहे. पण त्यावर कोणत्याही राज्याच्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंद होत नाही. "आधी हा करा, पुढे हाच जीएनएममध्ये धरतील," असे कोणी सांगितले तर ते साफ खोटे समजावे.

प्रवेशाची वाट राज्याराज्यांत निराळी आहे. महाराष्ट्रात बी.एस्सी.साठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा असते, कर्नाटकात परीक्षा प्राधिकरणाची केसीईटी, मध्य प्रदेशात प्री-नर्सिंग निवड परीक्षा. सैन्यदलाच्या नर्सिंग महाविद्यालयांसाठी नीटचे गुण लागतात. बेळगाव व आसपासच्या वाचकांसाठी एक गोष्ट: सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील काही प्रवेशप्रक्रियांमध्ये वेगळी तरतूद ठेवलेली असते. नर्सिंगसाठी त्या वर्षी ती कशी लागू आहे हे त्या वर्षीच्या अधिकृत माहिती-पुस्तिकेतच पाहावे. गतवर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

संस्था खरी की खोटी

आता मुख्य विषय. भारतात परिचर्या शिक्षणाचा दर्जा सारखा राहावा म्हणून १९४७ साली कायदा होऊन भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. विद्यार्थ्यांची नोंदणी मात्र राज्याची परिचर्या परिषद करते. पदवीच्या महाविद्यालयाला आणखी विद्यापीठाची संलग्नता लागते: महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, कर्नाटकात बहुतेक महाविद्यालयांना बंगळुरूचे राजीव गांधी विद्यापीठ, तेलंगणात वारंगळचे. म्हणजे कोणत्याही पदवी महाविद्यालयात पाऊल टाकण्याआधी चार कागद पाहायचे: राज्य सरकारची परवानगी, राज्य परिषदेची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता, आणि भारतीय परिषदेच्या यादीत नाव. जीएनएमच्या शाळेला विद्यापीठाऐवजी परीक्षा मंडळ असते. हे कागद चालू शैक्षणिक वर्षाचे असावेत आणि मंजूर जागांचा आकडा त्यांवर असावा. चाळीस जागा मंजूर असताना सत्तर विद्यार्थी घेतले तर वरच्या तीस जणांचे काय होईल, हे वर्गातील मुलांनाच विचारून पाहावे.

कार्यालयात काचेच्या चौकटीत लावलेले प्रमाणपत्र म्हणजे पुरावा नव्हे. परिषदांच्या व विद्यापीठांच्या याद्या संगणकावर कोणालाही पाहता येतात. घरी सोय नसेल तर मंडळीतील एखादा कॉलेजात जाणारा तरुण दहा मिनिटांत पाहून देईल. संस्थेचे नाव, गाव आणि ट्रस्टचे नाव तिन्ही जुळले पाहिजेत. एकाच नावाच्या दोन संस्था असतात आणि त्यांतली एकच मान्य असते.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याची जागा त्याने घ्यावयाची असून त्यात राष्ट्रीय नोंदवही व सामायिक प्रवेशपरीक्षा यांची तरतूद आहे. तेव्हा येत्या काळात "परिषद" जाऊन "आयोग" हे नाव कानांवर येईल. त्या गोंधळाचा फायदा घेऊन "आता जुनी मान्यता लागत नाही" असे सांगणारे भेटतील. नाव कोणतेही असो, त्या वर्षी ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्या यादीत संस्था हवीच.

ही सावधगिरी अतिरेकी वाटत असेल तर मध्य प्रदेशातील प्रकार आठवावा. आपल्या इंदूर व ग्वाल्हेरच्या वाचकांना तो नव्याने सांगायला नको. इमारत नाही, रुग्णालय नाही, शिक्षक कागदावरच, अशा नर्सिंग महाविद्यालयांच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सीबीआयकडून तपासणी करवली. २०२४ च्या आरंभी तीनशेहून अधिक महाविद्यालयांचा अहवाल आला, त्यांत केवळ १६९ योग्य ठरली. बाकीच्यांत उणिवा होत्या किंवा ती अपात्रच होती. मग मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्या पथकातीलच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, आणि योग्य ठरलेल्यांचीही पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. या सगळ्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या. २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेली मुले वर्षानुवर्षे पहिल्याच वर्षात अडकून पडली. त्यांनी फी भरली होती, गणवेश शिवले होते, त्यांचा अपराध काहीच नव्हता. यांतल्या कित्येकींच्या घरी धाकट्या भावंडांचे शिक्षण त्या एका नोकरीच्या आशेवर थांबले असेल.

स्वतः जाऊन काय पाहावे

कागद पाहून झाले की वडिलांनी किंवा आईने मुलीला घेऊन संस्थेत एक दिवस जावे. शनिवार-रविवारी नव्हे, कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास. इमारतीच्या रंगाकडे पाहू नये. सरळ विचारावे, "आपले रुग्णालय कोठे आहे?" स्वतःचे रुग्णालय असेल तर ओपीडीच्या रांगेत किती माणसे बसली आहेत ते पाहावे, वॉर्डात खाटा भरलेल्या आहेत का ते पाहावे. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत असे प्रमाण आहे. शिकवण्यास दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. रिकाम्या खाटांमध्ये चार वर्षे हिंडून परिचारिका तयार होत नाही, जसे कोरड्या विहिरीत पोहणे शिकता येत नाही.

मुलीने तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनींशी एकटीने बोलावे. तेथे वडिलांनी थोडे दूर उभे राहावे. परीक्षा वेळेवर होतात का? किती बाळंतपणे स्वतःच्या हातांनी केली? वॉर्डात शिकवायला ट्यूटर येतात, की मुलींना फुकटच्या कामगार म्हणून राबवतात? मानसोपचार व सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला कुठे नेतात, बसचे पैसे कोण देते? हॉस्टेलचे दार रात्री कोण राखते, आणि नाइट ड्यूटीहून सकाळी आलेल्या मुलीला झोपू देतात का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो क्षुल्लक नाही.

सरकारी संस्थांचा विचार आधी करावा, कारण तेथे फी कमी असते आणि रुग्णांची वाण कधीच नसते. गोव्यात बांबोळीची परिचर्या शिक्षण संस्था, वडोदऱ्यास सयाजीराव रुग्णालयाचे महाविद्यालय, हैदराबादेस सोमाजीगुड्याचे सरकारी महाविद्यालय ही उदाहरणे झाली. जागा थोड्या व स्पर्धा मोठी, म्हणून बारावीच्या गुणांकडे व प्रवेशपरीक्षेकडे दोन वर्षे आधीपासून लक्ष हवे.

पैशाचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला आहे. तो येथे अक्षरशः लागू पडतो. पहिल्या वर्षाची फी विचारून कोणी थांबू नये. शिकवणी फी, हॉस्टेल, मेस, गणवेश, पुस्तके, परीक्षा शुल्क, विद्यापीठाचे पात्रता शुल्क, प्रवास, अनामत रक्कम, हे सर्व वर्षवार कागदावर लिहून मागावे आणि त्यावर संस्थेचा शिक्का घ्यावा. शिक्षण कर्ज घ्यायचे असल्यास मान्यताप्राप्त संस्थेसाठीच बँक ते देते, आणि चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये असा नियम आहे. बँक एखाद्या महाविद्यालयाला कर्ज देण्यास का कू करते आहे असे दिसले तर वडिलांनी रागावू नये, कारण विचारावे.

एजंट हा या व्यवसायातला वेगळाच प्राणी आहे. तो बहुधा ओळखीचा निघतो, कधी कधी मंडळीतलाच असतो, आणि दूरच्या शहरातल्या कॉलेजात "सीट" मिळवून देतो. त्याला त्या सीटमागे दलाली मिळते हे तो सांगत नाही. रोख पैसे त्याच्या हातात कधीही देऊ नयेत. संस्थेच्या बँक खात्यात भरून पावती घ्यावी. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका "ठेवून घेतो" म्हणणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. मूळ कागद अडकले की मुलगी अडकली. तसेच शिक्षण संपल्यावर आमच्याच रुग्णालयात इतकी वर्षे अल्प पगारावर काम करा, नाही तर दंड भरा, अशा बॉंडवर सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवावे. आपल्या मंडळीत वकील नसला तरी शेजारच्या मंडळीत असतो.

भाषेचा प्रश्न

दूर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना खरा अडथळा येतो तो येथे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पुस्तके व परीक्षा इंग्रजीत असतात. रुग्ण मात्र आपल्या भाषेत कण्हतो. बेळगावच्या वॉर्डात एक आजी मराठीत बोलतात, शेजारच्या खाटेवरची बाई कानडीत, हैदराबादेत तेलुगू आणि दख्खनी, वडोदऱ्यास गुजराती. पोटात "मुरडा" आहे की "कळ" आहे की "जळजळ", हा फरक सिस्टरला कळला नाही तर डॉक्टरांपर्यंत चुकीची माहिती जाते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीला घाबरून वर्ग सोडल्याची उदाहरणे आहेत. त्या मुलीत बुद्धीची कमतरता नव्हती. शरीरशास्त्राचे शब्द एकदम अंगावर आले एवढेच. यावर उपाय सोपा आहे आणि तो आपल्याच हातात आहे. बारावीची परीक्षा व प्रवेश यांमध्ये तीन-चार महिने मोकळे असतात. रोज दहा शब्द: अवयव, हाडे, रोगांची नावे, त्यांचा इंग्रजी उच्चार व मराठी अर्थ वहीत लिहून काढणे. शब्बाथशाळेच्या इंग्रजी जाणणाऱ्या शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर प्रवेशाच्या दिवशी ती मुलगी पाच-सहाशे शब्दांनिशी वर्गात बसेल. सीमाभागातल्या मुलांना तर एक मोठे भांडवल आयतेच मिळालेले आहे: दोन-तीन भाषा कानांवरून गेलेल्या असतात. त्यांनी कानडी बोलता येते हे लपवू नये.

प्रवेशाआधीच करायची दुसरी गोष्ट म्हणजे कावीळ-ब या रोगाची लस. तिचे तीन डोस असतात. दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. सुई टोचण्याचा प्रसंग वॉर्डात केव्हाही येतो, म्हणून लस आधीच सुरू केलेली बरी.

नोंदणी

परीक्षा पास झाली म्हणजे परिचारिका झाली, अशी समजूत आहे. कायद्याच्या दृष्टीने तसे नाही. गुणपत्रिका व पदविका किंवा पदवी हाती आल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे अर्ज करून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्या क्रमांकावाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि कोणतेही चांगले रुग्णालय नोकरीच्या अर्जावर तो प्रथम विचारते. भारतीय परिषदेने परिचारिकांच्या राष्ट्रीय नोंदीची व्यवस्थाही केली असून तीत प्रत्येकीला देशभर चालणारा एक ओळख क्रमांक मिळतो.

शिक्षण कर्नाटकात आणि नोकरी पुण्यात, हे आपल्या लोकांत नेहमीचेच. तेव्हा आधी कर्नाटकच्या परिषदेत नोंद करावी, मग तिचे ना-हरकत पत्र घेऊन महाराष्ट्राच्या परिषदेत नोंद करावी. यास काही महिने लागू शकतात, म्हणून नोकरी ठरल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच अर्ज टाकावा. ज्या संस्थेचे नाव भारतीय परिषदेच्या यादीत नाही तिच्या विद्यार्थिनीला नेमकी याच टप्प्यावर ठेच लागते. नोंदणी एकदाच करून चालत नाही. तिचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि दरम्यान पुढील शिक्षणाची शिबिरे व कार्यशाळा केल्याचे दाखवावे लागते. लग्नानंतर चार-सहा वर्षे घरी बसलेल्या भगिनींनी नोंदणी मात्र जिवंत ठेवावी.

नोकरी व पगार

केंद्र सरकारच्या रुग्णालयांत "स्टाफ नर्स" या पदाचे नाव २०१६ पासून "नर्सिंग ऑफिसर" असे झाले आहे. एम्सच्या जागांसाठी नॉरसेट ही परीक्षा असते. पदवीधरांना ती नोंदणी झाल्यावर देता येते. जीएनएम झालेल्यांना पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. खासगी रुग्णालयांतील पगाराची स्थिती मात्र पुष्कळ ठिकाणी खेदजनक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना वीस हजारांहून कमी पगार नसावा, आणि दोनशेहून अधिक खाटांच्या ठिकाणी सरकारी परिचारिकेइतका असावा. शिफारस होऊन इतकी वर्षे झाली. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना हे आकडे निदान माहीत तरी असावेत.

परदेशाविषयी थोडक्यात. ब्रिटनला तेथील परिषदेची संगणकावरची व नंतर प्रात्यक्षिक परीक्षा, अमेरिकेला एनक्लेक्स, जर्मनीला जर्मन भाषेची बी-२ पातळी. सगळीकडे वॉर्डातील व वर्गातील तासांचा तपशील आपल्या जुन्या संस्थेकडून मागवतात. संस्थाच बंद पडलेली असेल तर तो कोण देणार? आखाती देशांसह ज्या देशांना जाण्यास सरकारी परवाना लागतो तेथे २०१५ पासून परिचारिकांची भरती सरकारने ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच होते. पर्यटकाच्या व्हिसावर "आधी या, मग कागद करू" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

शेवटी एक बारीक गोष्ट, जिने आपल्या घरांतील कितीतरी अर्ज अडले आहेत: नाव. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे स्पेलिंग. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे आडनाव आधी. बेळगावकडे शाळेत आडनावाऐवजी आद्याक्षरच लावलेले असते. नर्सिंगमध्ये दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नावच पदवीवर, तेच नोंदणीवर आणि तेच पासपोर्टवर जाते. म्हणून दहावीचा परीक्षा अर्ज भरतानाच, म्हणजे मूल पंधरा वर्षांचे असताना, सर्व कागद टेबलावर मांडून एक स्पेलिंग ठरवावे. उशीर झालाच असेल तर प्रतिज्ञापत्र व राजपत्रातील प्रसिद्धी करून दुरुस्ती होते, ती पहिल्या वर्षातच उरकावी. आणि लग्नानंतर नाव बदलणाऱ्या मुलींनी विवाहाच्या दाखल्याची साक्षांकित प्रत नोंदणीच्या कागदांबरोबर एकाच पाकिटात ठेवावी.